राजाच्या बाजूला गेलेल्या खासदाराचं आयुष्य कसं उकलायचं (इंग्लंडची यादवी, १६४० ते १६६०)

मी या भानगडीत मुंबईमुळे पडले. मुंबईच्या सुरुवातीच्या इंग्रज गव्हर्नरांबद्दल वाचत होते, तिथे सर जर्व्हेस लुकास भेटला. हा १६६६ च्या शेवटी मुंबईत आला आणि पुढच्या मे महिन्यात इथेच गेला, आणि त्याच्या आधीची ओळख काय तर इंग्लंडच्या यादवीत (राजा चार्ल्स विरुद्ध पार्लमेंट अशी ती लढाई) राजाच्या बाजूने एका किल्ल्याचा किल्लेदार. (किल्ल्याचं स्पेलिंग बघून आपण बेल्व्हॉर म्हणतो, तिथली माणसं 'बीव्हर' म्हणतात.) त्याच्या आधी मुंबई ताब्यात घ्यायला पाठवलेला अब्राहम शिपमन, तोही राजाकडून लढलेला, पोर्तुगीजांनी मुंबई काही सोडली नाही आणि बिचारा १६६४ मध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वारला. म्हटलं ही राजाची माणसं होती तरी कोण. लढणाऱ्यांचं लगेच सापडतं, पण पार्लमेंटमध्ये बसून वाद घालणारे, कायदे करणारे आणि मग एक दिवस उठून राजाकडे गेलेले, त्यांचं आयुष्य उकलायला मला दोन वर्षं लागली, त्यातलं दीड वर्ष चुकीच्या टोकाने सुरुवात केल्यामुळे गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून हे सगळं लिहितेय.

चुकीचं टोक म्हणजे 'राजनिष्ठ' हा शब्द. तो आधी पुसून टाका. हा माणूस राजनिष्ठ होता असं धरून चाललात की त्याची १६४० आणि १६४१ ही दोन वर्षं तुम्हाला समजणारच नाहीत, कारण त्या दोन वर्षांत तो बहुतेक वेळा राजाच्या विरोधातच बोलताना दिसतो. मी एडवर्ड हाइड घेतला, पुढे जो अर्ल ऑफ क्लॅरेंडन झाला. १६०९ चा जन्म, विल्टशरमधला, धंद्याने वकील. नोव्हेंबर १६४० ला लाँग पार्लमेंट भरलं तेव्हा हा सॉल्टॅश गावचा खासदार, आणि पहिलं वर्षभर राजाची खास न्यायालयं बंद करा, 'शिप मनी' नावाच्या कराला कायदेशीर ठरवणाऱ्या न्यायाधीशांना जाब विचारा, अशा कामात सगळ्यात पुढे. मला वाटलं मी भलताच हाइड उचललाय. आठवडाभर नावाची खात्री करत बसले. माणूस तोच होता, माझंच डोकं पुढच्या पानावर गेलं होतं.

अर्थात नावाची खात्री करायला हवीच, ते टाळू नका. एकाच नावाचे चुलतभाऊ, काका, पाद्री असे ढीगभर असतात, आणि स्पेलिंग कुणीच एकसारखं लिहीत नाही. कोलपेपर हे एक आडनाव मी चार प्रकारे लिहिलेलं पाहिलंय. त्यासाठी एकच उपाय आहे, नावाबरोबर मतदारसंघ लिहून ठेवा. हाइड सॉल्टॅशचा, त्याचा मित्र फॉकलंड आइल ऑफ वाइटवरच्या न्यूपोर्टचा. आणि फॉकलंडवरून आठवलं, तो व्हायकाउंट, म्हणजे लॉर्ड, मग हाऊस ऑफ कॉमन्समध्ये काय करतोय असं तुम्हालाही वाटणार. त्याची उमरावी स्कॉटलंडची होती, त्यामुळे इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये त्याला जागा नव्हती आणि कॉमन्सची निवडणूक लढवायला आडकाठी नव्हती. असं काही विचित्र दिसलं की लगेच चूक समजून खोडू नका, जरा थांबा.

दुसरं म्हणजे तारखा. आपल्याकडे शिवजयंतीवरून तारीख की तिथी हा वाद ज्याने ऐकलाय त्याला हे सोपं जाईल. तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणजे १ जानेवारी ते २४ मार्च या काळातला कुठलाही कागद जुन्याच वर्षाचा आकडा दाखवतो. राजा चार्ल्सचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ म्हणतो, त्यावेळच्या कागदावर तो ३० जानेवारी १६४८ असतो, आणि युरोपात दहा दिवस पुढचं कॅलेंडर चालू असल्यामुळे पॅरिसमध्ये बसलेल्या माणसाच्या पत्रात तोच दिवस ९ फेब्रुवारी. याचा फटका कुठे बसतो ते सांगते. राजाने ऑक्सफर्डला आपलं वेगळं पार्लमेंट भरवलं ते जानेवारी १६४४ मध्ये, आणि अक्सब्रिजला तहाची बोलणी सुरू झाली ती जानेवारी १६४५ मध्ये. आता मूळ कागदावर 'जानेवारी १६४४' असं दिसलं तर ते यातलं कुठलं? अक्सब्रिजचं. मी ते ऑक्सफर्डमध्ये घातलं आणि हाइड एकाच आठवड्यात दोन गावात बसलेला दाखवला. तेव्हापासून वहीत दोन रकाने करते, एकात कागदावरची तारीख जशी आहे तशी, दुसऱ्यात आपली.

आता खरं काम. माणूस कुठल्या दिवशी फिरला ते शोधायचं. एकच दिवस सापडतो असं नाही, पण दोनतीन खुंट्या ठोकलेल्या आहेत आणि प्रत्येक खुंटीशी आपला माणूस कुठे उभा होता ते बघत गेलं की वाट दिसायला लागते.

पहिली खुंटी स्ट्रॅफर्ड. राजाचा सगळ्यात जबरदस्त मंत्री, त्याला मारायचा ठराव कॉमन्सने २१ एप्रिल १६४१ ला २०४ विरुद्ध ५९ मतांनी केला, १२ मेला त्याचं डोकं उडवलं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कॉमन्सच्या जर्नलमध्ये, म्हणजे सभागृहाच्या अधिकृत नोंदवहीत, कुणी कुठे मत दिलं ते तेव्हा लिहीतच नसत. फक्त आकडे आणि मतं मोजणाऱ्यांची नावं. त्यामुळे 'अमुक खासदाराने विरोधात मत दिलं' असं कुणी ठोकून लिहिलं असेल तर त्याला विचारा कुठून आणलंस. स्ट्रॅफर्डच्या बाबतीत मात्र त्या ५९ जणांची नावं कुणीतरी फोडली आणि लंडनमध्ये भिंतीवर लावली, 'स्ट्रॅफर्डवाले, देशाशी गद्दारी करणारे' म्हणून. ती यादी आपल्या हातात आहे, आणि त्यात हाइडचं नाव नाही. फॉकलंड तर स्ट्रॅफर्डला शिक्षा द्या म्हणून बोललेला. पुढे राजासाठी मेलेला माणूस, पण त्या दिवशी राजाच्या माणसाच्या विरोधात.

दुसरी खुंटी धर्म, म्हणजे बिशप ठेवायचे की मुळासकट उपटायचे. इथे दोघं मित्र सुरुवातीला एकमेकांच्या विरुद्ध होते. हाइडने स्वतः लिहून ठेवलंय की तो आणि फॉकलंड सभागृहात नेहमी शेजारी बसायचे, एक आला नसेल तर दुसरा जागा धरून ठेवायचा (एसटीत रुमाल टाकतात तसंच बहुतेक), आणि त्या बिशपांच्या बिलावर दोघं विरुद्ध बोलले तेव्हा आजूबाजूच्या लोकांना गंमतच वाटली. मग १६४१ च्या उन्हाळ्यात बिशप पद्धतच रद्द करायचं बिल आलं तेव्हा त्या समितीचा अध्यक्ष हाइडला केलं, कारण खुर्चीत बसला की तोंड बंद राहील हा पलीकडच्यांचा हिशोब. त्याने खुर्चीत बसून काम इतकं लांबवलं की बिल तिथेच अडकून पडलं. ज्यांनी कधी हाउसिंग सोसायटीची मीटिंग चालवलीये त्यांना ही कला ओळखीची असेल. शरद ऋतू येईपर्यंत फॉकलंडही बदलला होता, आणि राजाविरोधी गटातल्या हॅम्पडनने त्याला विचारलं की तू मत का बदललंस तर तो म्हणाला की तुम्ही मला पटवलेल्या बऱ्याच गोष्टी नंतर खोट्या निघाल्या.

तिसरी आणि सगळ्यात मोठी खुंटी ग्रँड रिमॉन्स्ट्रन्स. राजाच्या सगळ्या चुकांचा पाढा वाचणारं निवेदन. २२ नोव्हेंबर १६४१ ला दिवसभर वाद चालला, मेणबत्त्या आल्या, मध्यरात्र उलटली आणि १५९ विरुद्ध १४८ असं ते मंजूर झालं. अकरा मतं फक्त. त्यानंतर ते छापायचं की नाही यावरून इतका गोंधळ झाला की काहींचे हात तलवारींवर गेले. जेफ्री पामर नावाच्या खासदाराला, आमचा निषेध नोंदवा म्हणाला म्हणून, नंतर टॉवरमध्ये टाकलं. दारातून बाहेर पडताना क्रॉमवेल (तेव्हा राजाविरोधी गटातला एक खासदार) फॉकलंडला म्हणाला म्हणे की हे आज पडलं असतं तर उद्या सकाळी सगळं विकून मी इंग्लंड सोडून गेलो असतो. 'म्हणे' मुद्दाम लिहिलं, ही गोष्ट हाइडने सांगितलीये, त्याचं पुढे बघू. तुमचा माणूस त्या रात्री कुठे होता हे सापडलं तर अर्धं काम झालं समजा, कारण पुढे राजाकडे गेलेली बरीच मंडळी त्या १४८ मध्ये शोधावी लागतात. खासगी डायऱ्या इथेच कामाला येतात. सायमंड्स ड्यूज नावाचा खासदार सभागृहात बसून टिपणं काढायचा, आणि जर्नलमध्ये जे कोरडं एका ओळीत असतं ते त्याच्याकडे कोण ओरडलं, कोण उठून गेलं अशा तपशिलात मिळतं.

त्यानंतर भराभर घडतं. ४ जानेवारी १६४२ ला राजा स्वतः शिपाई घेऊन पाच खासदारांना पकडायला कॉमन्समध्ये घुसला, ते आधीच सटकले होते. त्याच्या थोडं आधी फॉकलंड सेक्रेटरी ऑफ स्टेट आणि त्यांच्याच बाजूचा खासदार कोलपेपर खजिन्याचा चान्सलर झाला होता. हाइडने पद घेतलं नाही, लंडनमध्येच बसून राजाची जाहीर उत्तरं गुपचूप लिहून देत राहिला आणि मे महिन्याच्या अखेरीस यॉर्कला राजाकडे निघून गेला. ऑगस्टमध्ये त्याची खासदारकी रद्द. यासाठी जर्नलमध्ये 'डिसेबल्ड' हा जो शब्द येतो त्याचा साधा अर्थ 'अपंग' असा होतो, आणि मी एका माणसाला खरोखर आजारी समजून दोन पानं लिहिली होती. तो शब्द दिसला की समजा, सभागृहात बसायला अपात्र ठरवलं. २२ जानेवारी १६४४ ला, म्हणजे ऑक्सफर्डचं पार्लमेंट भरलं त्याच दिवशी, वेस्टमिन्स्टरने, म्हणजे लंडनच्या पार्लमेंटने, एका दमात बऱ्याच जणांना असं काढलं, त्यामुळे तुमच्या माणसापुढे ही तारीख असेल तर तो ऑक्सफर्डला गेला असणार हा पहिला अंदाज.

लढायांमध्ये फार अडकू नका. खासदाराच्या चरित्रात एजहिल, न्यूबरी, नेसबी एवढी नावं आणि तारखा पुरतात, नाहीतर तोफा मोजण्यातच महिना जातो. पण दोन मरणं वगळू नका. एक सर एडमंड व्हर्नीचं. हा विकमचा खासदार, राजाचा निशाणदार, २३ ऑक्टोबर १६४२ ला एजहिलला पडला. लढाईआधी तो हाइडला म्हणाला की मला हे भांडण पटत नाही, राजाने ऐकावं असंच वाटतं, पण तीस वर्षं त्याचं अन्न खाल्लंय, आता सोडून जाण्याचा नीचपणा करणार नाही. आपल्याकडे याला खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात आणि राजनिष्ठ शब्दापेक्षा हे मला जास्त खरं वाटतं. दुसरं फॉकलंडचं. शेवटचे महिने तो मित्रांमध्ये बसलेला असताना गप्प व्हायचा, सुस्कारा टाकायचा आणि 'शांतता, शांतता' असं पुटपुटायचा. २० सप्टेंबर १६४३ ला न्यूबरीला सकाळी स्वच्छ सदरा मागून घातला आणि जिथून गोळ्या येत होत्या त्या कुंपणाच्या भगदाडातच घोडा घातला. प्रेत दुसऱ्या दिवशी सापडलं. वय तेहतीस-चौतीस.

ऑक्सफर्डकडे मात्र वेळ द्या, कारण खासदाराचं खरं काम तिथे आहे. राजा क्राइस्ट चर्च कॉलेजात, हाइड ऑल सोल्समध्ये, आता सर एडवर्ड आणि खजिन्याचा चान्सलर. वेगळं पार्लमेंट भरवायची कल्पना त्याचीच होती. त्या पार्लमेंटने लढाई थांबवा म्हणून समोरच्या सेनापतीला, अर्ल ऑफ एसेक्सला, पत्र पाठवलं त्यावर ४४ लॉर्ड आणि ११८ खासदारांच्या सह्या आहेत. ही सह्यांची यादी म्हणजे तुमच्यासाठी हजेरीपटच. आणि ज्या राजासाठी हे लोक घरंदारं सोडून आले त्याला यांचा कंटाळाच, मार्च १६४५ मध्ये राणीला लिहिलेल्या पत्रात तो यांना 'मिश्र जातीचं कुत्रं' या अर्थाचा शब्द वापरून आपलं पार्लमेंट म्हणतो. का, तर हे तहाचा आग्रह धरत होते. राजाच्या बाजूला सगळे एका सुरात बोलत होते असं तुमच्या लिखाणात कुठे दिसत असेल तर ते पान परत बघा.

इथे बातमीपत्रंही मिळतात. ऑक्सफर्डहून जानेवारी १६४३ पासून 'मर्क्युरियस ऑलिकस' निघायचं आणि चोरून लंडनला जायचं, त्याला उत्तर द्यायला लंडनवाल्यांनी 'मर्क्युरियस ब्रिटानिकस' काढलं. दोघंही बिनधास्त थापा मारतात. मग वाचायचं कशाला? शिव्यांसाठी. तुमच्या माणसाला पलीकडचा पेपर नाव घेऊन शिव्या देत असेल तर त्या आठवड्यात तो महत्त्वाचा होता एवढं नक्की. जॉर्ज थॉमसन नावाच्या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने या काळातले बावीस हजारांच्या आसपास छापील कागद जमवले आणि बऱ्याच कागदांवर हातात आल्याची तारीख स्वतः टाकली, तो संग्रह ब्रिटिश लायब्ररीत आहे. माझ्या मते त्या माणसाचा पुतळा हवा होता.

आता पैसा. हा भाग मी सगळ्यात मन लावून केला कारण मी बँकेत वसुलीच्या टेबलवर अकरा वर्षं काढली आणि हे कागद वाचताना मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. राजाकडे गेलेल्यांना पार्लमेंट दोन शब्दांनी ओळखायचं, 'मॅलिग्नंट' (दुष्ट) आणि 'डेलिंक्वंट' (गुन्हेगार). दुसरा शब्द कायद्याचा. मार्च १६४३ च्या हुकमाने डेलिंक्वंटची जमीन जप्त, भाडं थेट पार्लमेंटच्या समितीला. मग सुटका करून घ्यायची असेल तर लंडनला गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, म्हणजे सोनारांच्या संघाच्या इमारतीत, समितीपुढे जायचं, राजाविरुद्धच्या शपथा घ्यायच्या, आपल्या मालमत्तेची यादी स्वतः द्यायची आणि दंड भरायचा. जमिनीची किंमत साधारण वर्षाच्या उत्पन्नाच्या वीसपट धरायचे आणि त्याचा दहावा, सहावा किंवा तिसरा हिस्सा, ज्याचा जसा गुन्हा. ऑक्सफर्डला बसलेले खासदार जड दरातले. करून बघा. वर्षाला ३०० पौंड येतात, किंमत धरली ६,०००. दहाव्याने ६००, सहाव्याने १,०००, तिसऱ्याने २,०००. म्हणजे तिसऱ्या हिश्श्यात सापडलेला माणूस जवळपास सात वर्षांचं उत्पन्न एकदम टेबलावर ठेवणार. कुठून आणणार? कर्ज काढून, नाहीतर जमीन विकून. ही विक्री डोक्यात ठेवा, १६६० मध्ये परत लागेल.

हे कागद लंडनला क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत, दंडाच्या समितीचे एसपी २३ या नंबराखाली आणि जप्तीच्या समितीचे एसपी २० खाली. आपण घरबसल्या त्यांचं छापील 'कॅलेंडर' वाचू शकतो. कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचं नव्हे, प्रत्येक कागदाचा दोनचार ओळींचा सारांश. पण सारांशावर थांबू नका, निदान आपल्या माणसाच्या एका तरी मूळ पानाचा फोटो मागवा. अक्षर बघून घाबरायला होतं, मोडी शिकलेल्यांना कमी होईल, 'द' हा शब्द 'ये' सारखा दिसतो आणि अर्धे शब्द आखूड केलेले असतात, दोन आठवड्यांत डोळा बसतो. आणि वाचताना वसुलीवाल्याच्या नजरेने वाचा. मालमत्ता कमी दाखवलेली असणार आणि कर्ज फुगवलेलं असणार, कारण कर्जाची वजावट मिळायची. अमुक जमीन 'पत्नीच्या हयातीपुरती' असं लिहिलंय का, भाऊ त्यात कधी शिरला, गहाणखत यादवीच्या आधीचं की मुद्दाम नंतर केलेलं. खोटं यादीत घातलंय हे समितीलाही कळत होतं, खबऱ्यांना बक्षीस होतंच.

याच कागदात बायका सापडतात, बाकी कुठे फारशा सापडत नाहीत. जप्त मालमत्तेतला पाचवा हिस्सा बायकोमुलांना मिळण्याची तरतूद १६४३ मध्येच होती, पण तो मागायला अर्ज करावा लागायचा आणि नवरा परदेशात किंवा छावणीत, मग अर्ज कोण करणार. मघाच्या एडमंड व्हर्नीच्या सुनेचं, मेरीचं, बघा. नवरा राल्फ हा खरं तर राजाचा नव्हताच, बापाच्या विरुद्ध पार्लमेंटमध्ये राहिलेला, पण पुढे पार्लमेंटची धर्माची शपथ घेईना म्हणून फ्रान्सला गेला आणि जमीन जप्त झाली. १६४६ च्या शेवटी मेरी एकटी लंडनला आली, गरोदर होती, तिथेच बाळंत झाली, ते बाळ काही महिन्यांतच गेलं, आणि ही समितीतल्या लोकांच्या ओळखी काढत, खेटे घालत राहिली. जानेवारी १६४८ मध्ये जप्ती उठली. १६५० मध्ये ती फ्रान्समध्ये वारली. या घराची पत्रं जपून राहिली म्हणून आपल्याला कळलं. राल्फसारखी मधे लटकलेली माणसंही भरपूर आहेत, त्यांना ओढून एका बाजूला बसवू नका.

हाइडचं नाव मात्र या दंडाच्या वह्यांत शोधू नका. तहाच्या प्रस्तावांत ज्यांना माफी नाहीच अशांच्या यादीत तो होता. अशा माणसाचं आयुष्य पत्रांतून काढावं लागतं. मार्च १६४५ ला राजाने त्याला युवराजाबरोबर पश्चिमेकडे पाठवलं, त्यानंतर राजा आणि तो परत भेटलेच नाहीत. मार्च १६४६ मध्ये पोरगेल्या युवराजाला घेऊन हे लोक सिली बेटांवर पळाले, १८ मार्चला हाइडने तिथे बसून आपला यादवीचा इतिहास लिहायला घेतला, मग जर्सी बेटावर दोन वर्षं, दिवसाला दहा तास पुस्तकं आणि कागदांत असायचो असं तो म्हणतो. राजाचा शिरच्छेद झाल्यावर माद्रिद, मग पॅरिस. १६५२ च्या हिवाळ्यातली त्याची पत्रं वाचा, थंडीने हातात लेखणी धरवत नाही आणि जळाऊ लाकूड आणायला खिशात पैसे नाहीत. हा नावापुरता का होईना, पण इंग्लंडच्या खजिन्याचा चान्सलर. परदेशातल्या पत्रांत बरंच सांकेतिक आकड्यांत असतं, टोपणनावं असतात, आणि कॅलेंडर कुठलं ते गावावरून ठरवायचं. त्याचे कागद ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहेत.

१६६० ला तो युवराज राजा होऊन परत आला की तुमचं चरित्र सुखान्त होईल असं वाटतं, तसं होत नाही. पार्लमेंटने थेट जप्त करून विकलेली जमीन बऱ्याच जणांना परत मिळवता आली, पण दंड भरायला ज्यांनी स्वतःच्या सहीने विकली त्यांची गेली ती गेलीच, कारण ती कायद्याने राजीखुशीची विक्री. आणि माफीचा जो कायदा झाला त्याच्या नावात 'शिक्षेपासून अभय आणि विस्मरण' अशा अर्थाचे शब्द होते, त्यावर जुने राजनिष्ठ चिडून म्हणायचे की राजाच्या शत्रूंना अभय आणि मित्रांना विस्मरण. हे सगळं राबवत होता तो लॉर्ड चान्सलर, म्हणजे हाइडच, शिव्याही त्यालाच. त्या वर्षीचे नोकरी मागणारे अर्ज प्रचंड सापडतील, 'राजासाठी मी इतके हजार घालवले' असे. तेव्हा मघाचे एसपी २३ चे आकडे काढून शेजारी ठेवा. १६४६ मध्ये ज्याची जमीन अगदीच किरकोळ होती तीच १६६० मध्ये गडगंज होऊन बुडालेली असते.

आणि शेवटी हाइडच्या त्या इतिहासाचं. या सगळ्या माणसांचं सगळ्यात जिवंत वर्णन तिथेच आहे आणि मीही वर किती घेतलंय बघा. शेजारी बसायची जागा, व्हर्नीचं बोलणं, क्रॉमवेलचं वाक्य, सगळं त्याच्याकडचं. पण ते पुस्तक दोनदा लिहिलेलं आहे. एक भाग सिली आणि जर्सीतला, १६४६ ते १६४८, घटना ताज्या होत्या, राजाकडून टिपणंही मागवली होती. दुसरा भाग १६६७ मध्ये त्याची सत्ता गेल्यावर, महाभियोगाच्या भीतीने फ्रान्सला पळाल्यावर, १६६८ ते १६७० मध्ये लिहिलेलं आत्मचरित्र, जवळ जुने कागद नाहीत, साठी आलेली, संधिवाताने जखडलेला. १६७१ मध्ये मुलगा भेटायला आला तेव्हा जुनं हस्तलिखित हातात आलं आणि त्याने दोन्ही एकमेकांत शिवले. १६७४ मध्ये रुआँला तो वारला, पुस्तक छापलं १७०२ ते १७०४ मध्ये. त्यामुळे १६४१ च्या उन्हाळ्यात राजाने आपल्याला बोलावून चर्चची बाजू घेतल्याबद्दल आभार मानले, हा जो प्रसंग तो सांगतो तो त्या उशिराच्या भागातला आहे आणि दुसरा साक्षीदार नाही. वापरा, पण 'तो सांगतो' असं लिहून वापरा. चांगल्या आवृत्तीत कुठलं पान कुठल्या हस्तलिखितातलं ते समासात दिलेलं असतं. ते न बघता तारीख उचलू नका, आणि ती उशिराच्या भागातली निघाली तर आधी जर्नल उघडा.